रकान्यात मावेल तेवढीच मराठी

युनिकोड आला आणि संगणकातल्या मराठीचा प्रश्न मिटला, अशी आपल्याकडची सर्वसाधारण समजूत आहे. फॉन्ट बसवण्याची कटकट गेली, फोनवर मराठी लिहिता येते, घरातली आजीसुद्धा व्हॉट्सॲपवर देवनागरीत आशीर्वाद पाठवते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जाही पदरात पडला. मग राहिले काय? ही समजूत पडद्यापुरती खरी आहे. पडद्यावर दिसणाऱ्या मराठीमागे दुसरी एक मराठी असते. ती डेटाबेसच्या रकान्यात साठवली जाते, मोजली जाते, कापली जाते आणि दुसऱ्या नोंदीशी ताडून 'जुळते' किंवा 'जुळत नाही' असा शेरा मिळवते. सरकार, बँक आणि विमा कंपनी यांचा आपल्याशी जो व्यवहार चालतो तो या दुसऱ्या मराठीतून, आणि तिच्याबद्दल आपण जवळपास काही विचारच केलेला नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. नावाचा रकाना बांधताना चार निर्णय होतात: कोणती चिन्हे स्वीकारायची, लांबी कशात मोजायची, कोणती दोन नावे एकच मानायची आणि कोणते नाव आधी लावायचे. मराठी नावांच्या बाबतीत हे चारही निर्णय बहुधा कोणी घेतलेलेच नसतात. ते सॉफ्टवेअरबरोबर आयते येतात आणि तसेच चालू राहतात. आयत्या निर्णयाची किंमत मात्र खातेदार मोजतो. म्हणून हा विषय प्रोग्रामरच्या टेबलावर सोडून देण्याइतका किरकोळ नाही.

उदाहरणासाठी रायगडची किनारपट्टी घेतो. इथे गुंठ्यागुंठ्यावरून भावकीत दावे चालतात, एका सातबाऱ्यावर दहा-वीस सहहिस्सेदार असणे नवलाचे नाही, आणि दप्तरात मोडीपासून इंग्रजीपर्यंत सगळ्या लिप्या आहेत. अमुक खात्याचे टेबल कसे बांधले आहे, हा माझा विषय नाही. कोणतेही टेबल कसे बिघडू शकते, हा आहे.

१. कॉडने मागितले एक, बाजाराने दिले दुसरे

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांचा डेटाबेसच्या रिलेशनल मॉडेलवरचा निबंध जून १९७० मधला. ते तेव्हा आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत होते. त्यांच्या मांडणीत प्रत्येक रकान्यामागे एक 'डोमेन' असते, म्हणजे त्या रकान्यात येऊ शकणाऱ्या मूल्यांचा संच. गावाचे नाव हे एक डोमेन, खातेदाराचे नाव हे दुसरे. दोन्ही अक्षरांत लिहिली जातात, पण त्यांची एकमेकांशी तुलना करण्यात अर्थ नाही. रकान्याला अर्थ असतो आणि तो व्यवस्थेला ठाऊक असावा, असा या कल्पनेचा गाभा आहे.

प्रत्यक्ष उत्पादने आली तेव्हा अर्थाची जागा लांबीने घेतली. एसक्यूएल-९२ या मानकात डोमेन जाहीर करण्याची सोय आहे, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ती आजही चालते, पण वापरणारे विरळा. गावाचे नाव, आजोबांचे नाव, होडीचे नाव, पिकाचे नाव, सगळ्यांना एकच साचा: व्हारचार, आणि कंसात एक आकडा. हा आकडा पुष्कळदा २५५ असतो. तो कुणाचे नाव किती लांब असते हे पाहून ठरलेला नाही. लांबीची नोंद एका बाइटमध्ये करायची तर जास्तीत जास्त २५५ लिहिता येतात, म्हणून तो आला. पुढे मायएसक्यूएलमध्ये इंडेक्सच्या एका रकान्याला ७६७ बाइटची मर्यादा होती आणि तीन बाइटच्या हिशेबाने २५५ चिन्हांचे ७६५ होतात, म्हणून तो टिकला. कारण संपले तरी आकडा राहिला, जसे आपल्याकडे फॉर्मवर 'तीन प्रतींत' राहते.

साठवणूक कशी होते तेही पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. डेटाबेस माहिती पानांत ठेवतो. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरचे पान ८ किलोबाइटचे, मायएसक्यूएलच्या इनोडीबीचे साधारणपणे १६. पानात नोंदी एकापुढे एक बसतात. ठरावीक लांबीच्या कॅरेक्टर प्रकारात उरलेली जागा मोकळ्या स्पेसने भरली जाते. बदलत्या लांबीच्या प्रकारात आधी लांबी लिहिली जाते आणि मग तेवढे बाइट. मजकूर फार मोठा असेल तर तो पानाबाहेर ठेवून आत फक्त त्याचा पत्ता राहतो. पोस्टग्रेस साधारण दोन किलोबाइटच्या पुढे हे करू लागतो. या सगळ्यात 'अ' किंवा 'क्ष' कुठेच नाही. आहेत ते बाइट, आणि ते कोणत्या संकेताने वाचायचे याची एक जाहीर कबुली. ही कबुली चुकीची असेल तर बाइट शाबूत राहूनही मजकूर हरवतो.

२. तेरा अक्षरे, एकशे अकरा बाइट

यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'प्रत्येक चिन्हाला' म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. मात्रा वेगळे चिन्ह, अनुस्वार वेगळे, आणि जोडाक्षर बांधणारे हलन्तही वेगळे. 'श्रीवर्धन' आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते: श्री, व, र्ध, न. युनिकोडच्या हिशेबात ती नऊ चिन्हे आहेत, यूटीएफ-८ मध्ये सत्तावीस बाइट. गावाच्या नावाला वीस बाइटचा रकाना इंग्रजीत ऐसपैस वाटतो. मराठीत त्यात तालुक्याचे ठिकाणही मावत नाही.

आता कंसातला आकडा कशाचा, हा प्रश्न. पोस्टग्रेस तो चिन्हांत मोजतो. मायएसक्यूएलही चिन्हांत मोजतो. ओरॅकलमध्ये मुद्दाम वेगळे सांगितले नाही तर तो बाइटांत मोजला जातो. एसक्यूएल सर्व्हरच्या साध्या व्हारचारमध्ये बाइट, तर एनव्हारचारमध्ये दोन-दोन बाइटच्या जोड्या. म्हणजे '१००' हा एकच आकडा चार ठिकाणी तीन वेगळ्या मापांचा. टेंडरच्या कागदात मात्र 'नाव: १०० अक्षरे' एवढेच लिहिलेले असते, आणि ते वाचणाऱ्या अधिकाऱ्याचा समज असा होतो की शंभर अक्षरे पुष्कळ झाली.

शंभर बाइटमध्ये काय मावते? महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आईचे नावही लिहायचे आहे: आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. एक कल्पित नाव घेऊ: 'ज्ञानेश्वर लक्ष्मीबाई त्र्यंबक म्हात्रे'. डोळ्यांनी मोजली तर तेरा अक्षरे. चिन्हे मोजली तर दहा, दहा, आठ आणि आठ, एकूण छत्तीस. मध्ये तीन मोकळ्या जागा. छत्तीस त्रिक एकशे आठ आणि वर तीन, म्हणजे एकशे अकरा बाइट. शंभरच्या रकान्यात हे नाव बसत नाही.

मग काय होते ते व्यवस्थेवर अवलंबून. ओरॅकल सरळ नकार देतो, आणि हा नकार सगळ्यांत प्रामाणिक. मायएसक्यूएलच्या जुन्या सैल पद्धतीत लांबीपलीकडचा मजकूर कापून उरलेला गुपचूप साठवला जाई, ५.७ आवृत्तीपासून कडक पद्धत डीफॉल्ट झाली. मधल्या एखाद्या प्रोग्रामने बाइट मोजून नाव कापले तर वरच्या नावातले शंभर बाइट 'म्हा' पर्यंत पुरतात आणि शेवटी 'त'चा तिसरा हिस्सा, एक एकटा बाइट, लोंबकळत राहतो. तो कोणतेच अक्षर नाही. पुढे ती नोंद दुसऱ्या व्यवस्थेत पाठवताना त्याच एका बाइटवर सगळी फाइल अडते, आणि ऑपरेटर खातेदाराला सांगतो, 'तुमच्या नावात प्रॉब्लेम आहे.'

नावात प्रॉब्लेम नाही. आईचे नाव लावण्याचा निर्णय चांगलाच आहे. त्याबरोबर रकान्याची रुंदी वाढवण्याचा निर्णय कुणी घेतला का, एवढाच माझा प्रश्न आहे.

३. पंधरा तालुक्यांचे सात तालुके

पहिला निर्णय, कोणती चिन्हे स्वीकारायची, हा सगळ्यांत मूलभूत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठी मजकूर पाठवताना त्याच्या अवतरणचिन्हाआधी 'एन' हे अक्षर लावावे लागते. ते राहिले तर मजकूर आधी डेटाबेसच्या कोडपेजमध्ये, म्हणजे ठरावीक चिन्हांच्या तक्त्यात, उतरवला जातो. विंडोजच्या जुन्या कोडपेजांत देवनागरीला जागाच नाही, त्यामुळे प्रत्येक चिन्हाचे एक प्रश्नचिन्ह होते आणि तेच साठवले जाते.

याचा परिणाम रायगडच्या तालुक्यांवर लावून पाहा. पेण, उरण आणि तळा या तिघांची प्रत्येकी तीन चिन्हे. तिघांचीही तीन प्रश्नचिन्हे होतात. रोहा आणि महाड चार-चार. मुरूड हे नाव ऱ्हस्व-दीर्घ कसेही लिहा, पनवेल आणि कर्जतबरोबर ते पाच प्रश्नचिन्हांत विलीन होते. अलिबाग, म्हसळा, माणगाव आणि सुधागड सहा. खालापूर सात, पोलादपूर आठ, श्रीवर्धन नऊ, हे तेवढे एकेकटे बचावतात. पंधरा तालुक्यांच्या जिल्ह्यात सात वेगळी मूल्ये उरली. डेटाबेसला विचारा, अलिबाग आणि म्हसळा एकच का? तो छातीठोकपणे 'हो' म्हणेल. आणि प्रश्नचिन्हांतून मूळ नाव परत काढण्याचा कोणताही मार्ग नाही.

युनिकोडआधीचा वारसा याहून फसवा आहे, कारण तिथे मजकूर हरवत नाही, वेष बदलतो. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेली मराठी ही डेटाबेसच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरांची विचित्र रांग असते. त्या फॉन्टच्या मांडणीत इंग्रजीतला धाकटा 'डी' म्हणजे 'क' आणि थोरला 'डी' म्हणजे अर्धा 'क्'. पुष्कळशा डेटाबेसांत इंग्रजीचा लहान-मोठा भेद तुलनेत धरला जात नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या अमेरिकी इंग्रजीच्या डीफॉल्टमध्ये हेच आहे. म्हणजे अख्खे व्यंजन आणि अर्धे व्यंजन यांतला फरक, ज्यावर मराठी जोडाक्षरांची सगळी इमारत उभी आहे, तो यंत्राने शिष्टाचार म्हणून पुसून टाकला. असा मजकूर पुढे कन्व्हर्टर लावून युनिकोडमध्ये आणला जातो. कन्व्हर्टर मुळाशी प्रामाणिक राहतो, पण मधल्या काळात 'एकच' म्हणून जोडल्या गेलेल्या नोंदी तो वेगळ्या करू शकत नाही.

आणि युनिकोड म्हणजे तरी सगळा युनिकोड असे नाही. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ-८' या नावाने वर्षानुवर्षे जे मिळत होते त्यात तीन बाइटपर्यंतचीच चिन्हे मावत. चार बाइटची सोय ५.५.३ आवृत्तीत, २०१० मध्ये, वेगळ्या नावाने आली. बहुतेकांना हा फरक इमोजी अडकल्यावर कळला. आपल्याला तो वेगळ्या कारणाने कळायला हवा होता. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० आवृत्तीत आली आणि तिची सगळी चिन्हे चार बाइटच्या मुलखात आहेत. आंग्र्यांच्या कुलाब्यातले जुने दप्तर मोडीत आहे. त्याची सूची करायला बसलेल्या अभ्यासकाने तीन बाइटचा रकाना घेतला तर त्यात मराठीची एक लिपी जाईल आणि दुसरी, तीनशे वर्षांपूर्वीच्या याच किनाऱ्याचा कारभार जिच्यात चालला ती, दारातच अडेल.

४. दिसायला एक, साठवणीत दोन

इथे विषयाचे खरे मर्म आहे, म्हणून जरा थांबतो.

'किनाऱ्यावर' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो. एक, नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त: 'किनाऱ्यावर', दहा चिन्हे, तीस बाइट. दुसरी, साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य सांधणारे चिन्ह: 'किनार्‍यावर', अकरा चिन्हे, तेहतीस बाइट. बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. कोणता कीबोर्ड वापरला यावर काय साठले ते ठरते. तिसरीही एक रीत आहे, र आणि नुक्ता वेगवेगळे ठेवण्याची. युनिकोडचा 'नॉर्मलायझेशन' नावाचा नियम पहिली आणि तिसरी यांना एकत्र आणतो, दुसरीला हातही लावत नाही. 'ॲ'चेही असेच. तो एकसंध चिन्ह म्हणून २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आला. 'अ'वर चंद्र ठेवूनही तो लिहिता येतो आणि हे दोन्ही एकच आहेत असे युनिकोड मानत नाही.

साध्या बाइट-तुलनेत या सगळ्या वेगवेगळ्या नोंदी ठरतात. कऱ्हाडे आडनावाचे दोन सख्खे भाऊ दोन ऑपरेटरांच्या हातून गेले तर डेटाबेसच्या लेखी ते दोन घराण्यांचे.

यावर उपाय म्हणून सैल तुलना वापरली तर उलटा अनर्थ. मायएसक्यूएल ८.० चे डीफॉल्ट कोलेशन, म्हणजे तुलनेच्या आणि क्रमाच्या नियमांचा संच, उच्चारचिन्हांचे भेद दुर्लक्षिण्यासाठी बनवले आहे. नुक्ता त्याच्या दृष्टीने तसलेच एक उच्चारचिन्ह. म्हणून 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द त्याच्या लेखी समान आहेत. समुद्र आणि डोंगरातल्या खोल जागा यांत फरक नाही, असे सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या जिल्ह्याला सांगणारे यंत्र आपण डीफॉल्ट म्हणून बसवतो. कडक तुलना केली तर एकाचे दोन होतात, सैल केली तर दोनाचे एक. मधला मार्ग मराठीचे नियम माहीत असलेल्या माणसालाच आखता येतो, आणि तो आखायचे काम कुणाकडे सोपवलेलेच नसते.

कायद्याची भाषा इथे ऐकण्यासारखी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली अधिकार अभिलेखातली लेखनातली चूक दुरुस्त करता येते. लेखनप्रमाद म्हटले की चूक करणारा हात गृहीत आहे: तलाठ्याने 'थळे'चे 'थाळे' केले, अर्ज द्या, पुरावे द्या, दुरुस्ती होईल. रकान्याच्या चुकीला हात नाही. ती कुणी लिहिलेली नाही, ती व्याख्येतच होती. तरी अर्ज खातेदारानेच करायचा, प्रतिज्ञापत्र त्यानेच द्यायचे, तहसिलीचे हेलपाटे त्यानेच घालायचे.

एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे हा तिचा हेतू. चांगली मोहीम. पण मयताकडे ना बोटांचा ठसा, ना मोबाइल. त्याची ओळख म्हणजे केवळ अक्षरांची एक रांग, कधीकाळी मोडीत लिहिलेली, मग देवनागरीत उतरवलेली, मग टंकलेली. सातबाऱ्यावरचे नाव, मृत्यूच्या दाखल्यावरचे नाव आणि फेरफारातले नाव यांचा मेळ बसतो की नाही, हा हक्काचा प्रश्न आहे, आणि नावे यंत्राने ताडायची म्हटली की त्याचे पहिले उत्तर रकान्याचे कोलेशन देते.

५. 'ळ'ची जागा

क्रमाबद्दल थोडक्यात. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, मग क्ष आणि ज्ञ. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसला आहे, कारण तो तक्ता भारतीय लिप्यांच्या 'इस्की' या सामाईक मांडणीवरून घेतला, आणि तिथे सगळ्या लिप्यांचे ल-कुटुंब एकत्र ठेवले होते. तेव्हा केवळ संकेतांकांच्या क्रमाने यादी लावली तर 'कोळी' हे नाव 'कोश', 'कोस', 'कोह' ने सुरू होणाऱ्या सगळ्या नावांच्या आधी येते. 'ॲ'चा संकेतांक तर सगळ्या व्यंजनांच्याही पुढचा. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीतली एखादी ॲग्नेस मतदारयादीत अ मध्ये शोधली तर सापडणार नाही. ती शेवटच्या पानावर, ह च्याही नंतर.

मराठीचा क्रम पाळणारे नियम तयार आहेत. आयसीयू या मुक्त संग्रहात ते आहेत आणि पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून ते वापरता येतात. ते वापरायला एक ओळ लागते. ती लिहायची हे माहीत मात्र असावे लागते.

आकड्यांच्या वेषातल्या अक्षरांचा प्रकार याचाच धाकटा भाऊ. अलिबागचा एसटीडी कोड ०२१४१ संख्या म्हणून साठवला की आधीचे शून्य जाते. पेणच्या आरटीओच्या एमएच-०६ मधलेही तसेच. उलट गट नंबर अक्षरांत ठेवावाच लागतो, कारण त्यात '१२/३/अ' असे हिस्से असतात. पण मग यादी १, १०, १००, ११, २ अशी लागते, आणि एकाने मराठी आकड्यांत, दुसऱ्याने इंग्रजी आकड्यांत टंकलेला एकच गट काही कोलेशनमध्ये एक आणि काहींत दोन ठरतो.

६. आक्षेप

पहिला आक्षेप ठरलेला: साठवणूक स्वस्त झाली, रकाने मोठे करा, विषय संपला. साठवणूक स्वस्त आहे हे खरेच, त्यामुळे आखडता हात घेण्याला सबबही उरत नाही. पण चारपैकी एकच निर्णय रुंदीचा आहे. कितीही ऐसपैस रकान्यात दर्या आणि दऱ्या एकच राहतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. नावे सोडा, आकड्याने ओळखा: माणसाला आधार, जमिनीच्या तुकड्याला चौदा स्थानांचा भू-आधार. यात तथ्य आहे, आणि जिथे जमेल तिथे तसेच करावे. पण आधार क्रमांक आधीच्या नोंदीला जोडताना जुळणी नावानेच होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. अशा वेळी मदतीची रक्कम पोचण्यासाठी सातबाऱ्यावरचे मराठी नाव, आधारवरचे दोन भाषांतले नाव आणि पासबुकावरचे इंग्रजी नाव एकाच माणसाचे आहे, हे कुणाला तरी ठरवावे लागते. क्रमांक हा त्या ठरवण्याचा शेवट आहे. सुरुवात नावापासूनच होते. शिवाय वर सांगितलेले मयत खातेदार आधारच्या आधीचे आहेत.

तिसरा: मग सरळ इंग्रजीत ठेवा, एक अक्षर एक बाइट, भानगड नको. ही सोय नव्हे, नुकसान आहे. इंग्रजी लिपीत ल आणि ळ एक, त आणि ट एक, द आणि ड एक. कोले आणि कोळे, ताला आणि तळा यांचे इंग्रजी रूप सारखेच होते, आणि उलट दिशेने एकाच मराठी नावाची चार इंग्रजी स्पेलिंगे होतात. याच किनाऱ्यावरच्या बेने इस्रायली समाजाने गावावरून आडनावे घेतली: पेणकर, किहीमकर, दिवेकर. त्यांचा इतिहास लिहिणाऱ्या हाईम सॅम्युएल यांचे आडनाव १९३७ साली तेल अवीवला छापलेल्या पुस्तकावर इंग्रजीत 'केहिमकर' असे आहे. गावाचे नाव मात्र आज किहीम असेच लिहिले जाते. ही कुटुंबे इस्रायलला गेल्यावर हेच नाव हिब्रूत, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षराला दोन बाइट घेऊन साठवले गेले. तीन लिप्यांतली तीन रूपे एका माणसाची आहेत हे सांगायला इंग्रजी रूप पुरत नाही, उलट मराठी रूप सगळ्यांत नेमके ठरते, कारण त्यात गाव दिसते. म्हणून मूळ लिपी मुख्य रकान्यात आणि इतर रूपे तिच्या शेजारी, अशी रचना हवी. आज पुष्कळ ठिकाणी ती उलटी असते.

चौथा, ताजा आक्षेप: आता कृत्रिम बुद्धिमत्ता सारखी नावे आपोआप जुळवेल. जुळवेल, अंदाजाने. कर्जाची जाहिरात पाठवायला अंदाज चालतो. वारसाचे नाव लावायला चालत नाही.

राहिला तो आक्षेप म्हणजे हे तंत्रज्ञांचे काम आहे, भाषेच्या लोकांनी यात पडू नये. देवनागरी लिपी आणि वर्णमाला प्रमाणित करणारा शासन निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी निघाला. श आणि ल कसे काढायचे यावर आपल्याकडे तज्ज्ञ बसले, चर्चा झाली, निर्णय झाला. तोच श्रम ऱ्य कसा साठवायचा यावर का होऊ नये? कागदावरचा ल जुन्या वळणाचा आला म्हणून कुणाचा हिस्सा अडत नाही.

७. काय करायचे

करायचे ते फार नाही, आणि महागही नाही. नागरिकांची नावे साठवणाऱ्या प्रत्येक सरकारी यंत्रणेच्या निविदेत लांबी चिन्हांत मोजली जाईल हे लिहावे, बाइटांत नाही. साठवण्याआधी अर्धा र आणि ॲ यांचे एकच रूप करावे आणि ते रूप शासनाने जाहीर करावे. तुलना आणि क्रम मराठी नियमांनी व्हावा. जिथे सैल शोध हवा तिथे तो वेगळ्या रकान्यावर चालवावा, मालकीच्या नोंदीवर नाही. आणि सॉफ्टवेअर ताब्यात घेण्याआधी चाचणीचा एक संच चालवून पाहावा: जिल्ह्यातले सगळे तालुके, चार भागांचे एक लांब नाव, दर्या-दऱ्या, कोळी आणि ॲग्नेस. अर्ध्या तासाचे काम आहे.

एक मागणी मात्र तंत्राची नाही. रकान्याच्या दोषामुळे बिघडलेल्या नावासाठी खातेदाराकडून अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि फी मागणे बंद झाले पाहिजे. ज्याने रकाना बांधून घेतला त्या विभागाने अशा नोंदी स्वतः शोधाव्यात, कलम १५५ खालचा अधिकार स्वतःहून वापरावा आणि दुरुस्त उतारा खातेदाराच्या घरी पाठवावा.